मान राखा, कंबरही मोजा

गणपतीत मुंबईहून चाकरमानी गावी आला की खळ्यात पाऊल पडते न पडते तोच त्याच्या अंगाचा हिशेब सुरू होतो. ‘काय रे, सुटलास की!’ किंवा ‘वाळलास किती, जेवत नाहीस काय?’ यांपैकी एक वाक्य ठरलेले. बोलणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा मायाच असते. पण तेच वाक्य लग्नाच्या वयाच्या मुलीला, बाळंतपणानंतर माहेरी आलेल्या लेकीला किंवा शाळेतल्या गुबगुबीत मुलाला चारचौघांत ऐकवले जाते, तेव्हा ते सहजासहजी विसरले जात नाही.

अलीकडे या वाक्याला घरातूनच उत्तर येऊ लागले आहे. ‘मी आहे तशी छान आहे, माझ्या शरीरावर बोलू नका,’ असे मुली स्पष्ट सांगतात. आईला वाटते, आपण काळजीने बोललो. मुलीला वाटते, आपला अपमान झाला. वाद तिथेच अडकतो, कारण दोघी दोन वेगळ्या प्रश्नांवर बोलत असतात. एक प्रश्न मानाचा आहे, दुसरा प्रकृतीचा. माणसाला मान मिळण्याचा त्याच्या वजनाशी काही संबंध नाही. प्रकृतीचा मात्र आहे, पण तोही नुसत्या वजनकाट्यावर कळेल इतका सरळ नाही. हे दोन प्रश्न वेगळे ठेवले, तर दोन्हींची उत्तरे मिळतात. एकात एक मिसळले, तर माणूस मानही गमावतो आणि तब्येतही.

चळवळ कुठून आली

‘बॉडी पॉझिटिव्हिटी’ हा शब्द इन्स्टाग्रामबरोबर आपल्याकडे आला, पण त्यामागची चळवळ जुनी आहे. १९६७ मध्ये न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये लठ्ठ माणसांनी एकत्र जमून आपल्याला मिळणाऱ्या वागणुकीचा निषेध केला होता. १९६९ मध्ये अमेरिकेत लठ्ठ व्यक्तींच्या हक्कांसाठी संघटना स्थापन झाली. ‘लठ्ठपणा आरोग्याला चांगला असतो’ असे पटवून देणे हा या चळवळीचा मूळ मुद्दा नव्हता. नोकरीत, प्रवासात, दवाखान्यात लठ्ठ माणसाला इतरांसारखे वागवा, एवढी साधी मागणी होती.

महाराष्ट्रात हा विषय मोठ्या प्रमाणावर बोलला गेला तो जानेवारी २०२१ मध्ये. ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’मधून घरोघरी पोहोचलेल्या अभिनेत्री वनिता खरात यांनी छायाचित्रकार तेजस नेरूरकर यांच्यासाठी हातातल्या पतंगाआड एक धीट छायाचित्र दिले. आपल्या शरीराची आपल्याला लाज वाटत नाही, हे त्यातून त्यांनी सांगितले. कौतुक झाले, तशी टीकाही झाली. त्याआधी २०१६ मध्ये सचिन कुंडलकर यांच्या ‘वजनदार’ या चित्रपटाने सई ताम्हणकर आणि प्रिया बापट यांच्या भूमिकांमधून वजनाच्या ओझ्याबद्दल बोलायला सुरुवात केली होती. मराठी पडद्यावर लठ्ठ बाई म्हणजे हमखास हशा, ही सवय मोडायला अशा गोष्टींची गरज होती.

टोमण्याने वजन उतरत नाही

‘थोडे टोचून बोलल्याशिवाय माणूस सुधारत नाही’ असे मानणारे पुष्कळ आहेत. संशोधन नेमके उलटे सांगते. अमेरिकेत पन्नाशीपुढच्या ६ हजारांहून अधिक लोकांचा काही वर्षे पाठपुरावा करून २०१३ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. वजनावरून भेदभावाची वागणूक मिळाल्याचे ज्यांनी सांगितले, ते पुढच्या काळात लठ्ठ होण्याची शक्यता इतरांच्या तुलनेत सुमारे अडीच पट होती. कारण समजण्यासारखे आहे. अपमान झालेला माणूस चालायला बाहेर पडायचे टाळतो, चारचौघांत कमी आणि एकट्याने जास्त खातो, आणि दवाखान्याची पायरी चढत नाही. २०२० मध्ये अनेक वैद्यकीय संघटनांनी एकत्र येऊन, वजनावरून होणारी हेटाळणी थांबवण्याचे आवाहन केले, ते याच पुराव्यांच्या आधारे.

दुसऱ्याच्या शरीरावर शेरा मारताना आपल्याला किती कमी माहिती असते, याचे उदाहरण २०१७ मधले आहे. मुंबई महापालिकेच्या मतदानाच्या दिवशी एका नामवंत लेखिकेने एका अतिशय लठ्ठ पोलिसाचे छायाचित्र ट्विटरवर टाकून बंदोबस्तावर कोटी केली. तो पोलीस मुंबईचा नव्हताच, तो मध्य प्रदेशातला निरीक्षक होता. आपले वजन खाण्याने नव्हे, तर एका शस्त्रक्रियेनंतरच्या आजारामुळे वाढले, असे त्याने सांगितले. पुढे मुंबईतच त्याच्यावर वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया झाली. वजन वाढण्यामागे थायरॉइडचा विकार, स्त्रियांमधील पीसीओएस, स्टेरॉइड किंवा मनोविकारांवरची काही औषधे, अपुरी झोप आणि आनुवंशिकता अशी अनेक कारणे असू शकतात. लठ्ठ दिसणारा प्रत्येक जण आळशी किंवा खादाड असतो, ही समजूत शास्त्राला धरून नाही.

पण शरीराचा हिशेब वेगळा

इथपर्यंत मुलीचे बरोबर. आता आईच्या बाजूने.

‘माझे रिपोर्ट नॉर्मल आहेत, मग जाडी असली तर काय बिघडले?’ हा प्रश्न नेहमी विचारला जातो. ब्रिटनमधील सुमारे ३५ लाख लोकांच्या वैद्यकीय नोंदी तपासून २०१७ मध्ये त्याचे उत्तर शोधले गेले. ज्यांना मधुमेह, रक्तदाब किंवा कोलेस्टेरॉलचा त्रास नव्हता, पण लठ्ठपणा होता, त्यांनाही सामान्य वजनाच्या निरोगी लोकांपेक्षा हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या आजाराचा धोका सुमारे ४९ टक्के जास्त आढळला. हृदय निकामी होण्याचा धोका तर जवळपास दुप्पट होता. आज रिपोर्ट चांगला असणे ही आनंदाची गोष्ट आहे, पण ती पुढच्या २० वर्षांची हमी नाही.

चरबी म्हणजे नुसता साठा नव्हे, तो एक कामाचा अवयव आहे. त्यातून संप्रेरके आणि दाह वाढवणारी रसायने रक्तात जातात. पोटातली, आतड्यांभोवतीची चरबी यात सर्वांत त्रासदायक. तिच्यातून सुटणारी मेदाम्ले थेट यकृताकडे जाणाऱ्या रक्तात मिसळतात. यकृतात चरबी साचते, इन्सुलिनचे काम नीट होत नाही, साखर वाढते, रक्तदाब वाढतो. मानेभोवतीच्या चरबीने झोपेत श्वास अडतो आणि घोरणे वाढते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ मध्ये १३ प्रकारच्या कर्करोगांचा संबंध अतिरिक्त चरबीशी असल्याचे मान्य केले. त्यात मोठे आतडे, गर्भाशयाचे अस्तर आणि पाळी गेल्यानंतरचा स्तनाचा कर्करोग येतात.

शरीराचा स्वीकार केला म्हणून यातले काही थांबत नाही. आणि शरीराचा तिरस्कार केला म्हणूनही थांबत नाही.

पुण्याने जगाला दाखवलेली गोष्ट

या वादात भारतीयांसाठी एक वेगळी अडचण आहे आणि ती जगापुढे मांडण्यात पुण्याचा मोठा वाटा आहे. केईएम रुग्णालयातील मधुमेह संशोधक डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे प्रा. जॉन यडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचेच उदाहरण दिले. उंची-वजनाच्या गुणोत्तरावरून काढला जाणारा बीएमआय दोघांचाही २२.३. बाहेरून दोघेही सडपातळ. पण शरीरातील चरबी मोजली तेव्हा यडकिन यांची ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. दोघांची आडनावे इंग्रजीत वाय या अक्षराने सुरू होतात, म्हणून हे उदाहरण ‘वाय-वाय विरोधाभास’ या नावाने प्रसिद्ध झाले.

हा फरक जन्मापासूनच असतो, हेही पुण्याच्या गटाने दाखवले. पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून गर्भवती स्त्रिया आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास सुरू झाला. तिथल्या बाळांचे जन्मवजन सरासरी २.७ किलो, तर इंग्लंडच्या साउदॅम्प्टनमधल्या बाळांचे ३.५ किलो. आपली बाळे लहानखुरी होती, त्यांचे स्नायू कमी होते, पण चरबी त्या मानाने राखलेली होती. पिढ्यान्‌पिढ्या अर्धपोटी राहिलेल्या आयांच्या पोटी वाढलेले शरीर टंचाईची तयारी करूनच जन्माला येते. मग त्याच्या वाट्याला टंचाईऐवजी वडापाव, बेकरी आणि खुर्ची आली की ते लवकर बिघडते.

म्हणूनच भारतीयांसाठी मर्यादा खाली आणल्या आहेत. पाश्चात्त्य देशांत बीएमआय २५ च्या पुढे जास्त वजन धरतात, आपल्याकडे २३ पासूनच. पाच फूट दोन इंच उंचीच्या बाईसाठी ही रेषा साधारण ५७ किलोवर येते. पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या आणि स्त्रीची ८० सेंटिमीटरच्या आत असावी, असे भारतीय तज्ज्ञ सांगतात.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले. बीएमआयच्या मोजणीने लठ्ठ ठरणारे प्रौढ १०० पैकी सुमारे २९ होते. पोटाचा घेर जास्त असलेले मात्र १०० पैकी जवळपास ४०. म्हणजे काट्यावर पास होणारे कित्येक जण टेपवर नापास होतात. त्याच पाहणीत देशातील मधुमेहींची संख्या १० कोटींच्या पुढे गेल्याचे दिसले आणि सर्वाधिक प्रमाण आपल्या शेजारच्या गोव्यात, २६.४ टक्के आढळले. भात, मासळी, नारळ आणि समुद्र हे आपले आणि गोव्याचे सारखेच आहे. रत्नागिरीकरांनी हा आकडा दूरचा समजू नये.

हसणे एकीकडे, धोका दुसरीकडे

आता आपल्या टोमण्यांकडे पुन्हा पाहू. ते सर्वाधिक कोणाला बसतात? रुंद अंगाच्या मुलीला. स्थळ सांगून येते तेव्हा तिचे दंड, मांड्या, नितंब मोजले जातात. पण मांड्या आणि नितंबांवरची चरबी ही तुलनेने निरुपद्रवी असते. धोका पोटातल्या चरबीचा. आणि सुटलेल्या पोटाला आपण काय म्हणतो? खात्यापित्या घरचा माणूस! बारीक हातापायांचा, पुढे घागरीसारखे पोट आलेला चाळिशीचा पुरुष दुकानाच्या गल्ल्यावर बसलेला असतो, त्याला कोणी काही म्हणत नाही. हृदयविकाराच्या दृष्टीने अनेकदा तोच जास्त जोखमीत असतो. समाज जिथे बोट दाखवतो तिथे आजार असेलच असे नाही, आणि जिथे आजार असतो तिथे समाज कौतुकाने पाहतो.

‘माझी पँट तर दहा वर्षे त्याच मापाची आहे’ असे सांगणाऱ्या पुरुषांनी पट्टा नेमका कुठे बसतो ते पाहावे. तो पोटाखाली सरकलेला असतो. कंबर मोजायची ती शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, टेप न आवळता. शिंप्याकडची साधी टेप चालते. तीही नसेल तर आपल्या उंचीइतका दोरा घ्या, तो मधोमध दुमडा आणि कमरेभोवती धरा. दोन टोके जुळली तर ठीक. जुळली नाहीत तर तपासणी करून घ्या. कंबर उंचीच्या निम्म्यापेक्षा कमी असावी, हा नियम ब्रिटनच्या आरोग्य यंत्रणेनेही २०२२ मध्ये स्वीकारला.

चढणीचा जिल्हा, बसून काम

कोकणी माणूस काटक, ही आपली जुनी ओळख. त्यामागे काही जादू नव्हती. घरापासून शेतापर्यंत घाटी, विहिरीचे पाणी, डोक्यावरचा भारा, बाजारासाठी दोन-चार मैलांची पायपीट. भात तेव्हाही ताटभर होता, पण तो अंगावर बसायला उसंत नव्हती. आता दारात दुचाकी आहे, नळाला पाणी आहे, जोत धरणारे हात मुंबईला आहेत. खालच्या बाजारपेठेतून मारुती मंदिराकडे यायचे तरी आपण रिक्षाला हात करतो. कष्ट कमी झाले ही चांगलीच गोष्ट आहे. फक्त ताटातला भात तेवढाच राहिला, आणि त्यात तळलेले, गोड आणि पाकिटातले भर पडले.

ताट परके करण्याची गरज नाही. कुळथाची पिठी, मुगाची उसळ, ताकाची कढी, पालेभाजी हे सगळे आपलेच आहे. भाताचा एक डाव कमी करून उसळीची एक वाटी वाढवणे एवढाच बदल पुष्कळ असतो, कारण स्नायू टिकायला प्रथिने लागतात आणि आपल्याकडे कमतरता तिथेच आहे. बांगडा रोज तळण्यापेक्षा तिखले करावे. हापूस वर्ज्य नाही, जेवणानंतर चार फोडी आणि आमरसाची तिसरी वाटी यांत मात्र फरक आहे. चालायला मांडवी आणि भाट्याचा किनारा आहे. आठवड्याला १५० मिनिटे भरभर चालणे आणि दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम, एवढी जागतिक आरोग्य संघटनेची किमान अपेक्षा आहे. लठ्ठ बाई चालताना दिसली तर तिच्याकडे वळून पाहू नये, ही रस्त्यावरच्या इतरांची जबाबदारी.

दवाखान्यातले बोलणे

गुडघे दुखतात म्हणून आलेल्या बाईला ‘आधी वजन कमी करा, मग या’ असे सांगून परत पाठवले, तर ती पुन्हा येत नाही. मग तिचा रक्तदाबही तपासला जात नाही आणि साखरही. तीच गोष्ट वेगळी सांगता येते. एक किलो वजन उतरले की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो. तीन किलो उतरवणे जमेल का, आणि तोवर दुखण्यावर हे उपचार करू, असे म्हटले की बाईला काही करण्यासारखे सापडते.

जानेवारी २०२५ मध्ये ‘लॅन्सेट’च्या तज्ज्ञ गटाने लठ्ठपणाची नवी मांडणी केली, तिचा रोखही हाच आहे. केवळ बीएमआयवरून कोणाला आजारी ठरवू नका, कंबर किंवा चरबी मोजा, आणि वजनामुळे अवयवांच्या कामात बिघाड झाला आहे का ते पाहा. बिघाड असेल तर तो आजार समजून उपचार करा. नसेल तर धोका समजून लक्ष ठेवा. रुग्णानेही विचारावे: माझी कंबर किती, रक्तदाब किती, तीन महिन्यांची सरासरी साखर किती, यकृतावर चरबी आहे का, वजन वाढवणारे एखादे औषध मी घेतो आहे का? तिशीपुढच्या प्रत्येकाची रक्तदाब आणि मधुमेहाची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रांत मोफत होते. ती अंगाने बारीक असणाऱ्यांनीही करावी.

किती उतरले तर पुरे

दीक्षित की दिवेकर, दोन वेळा जेवावे की दर दोन तासांनी, यावर महाराष्ट्राने मनसोक्त वाद घातला. पण वजन उतरवण्यापेक्षा उतरलेले टिकवणे अवघड असते. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कडक आहाराने वजन कमी केलेल्यांची भूक वाढवणारी संप्रेरके वर्षानंतरही चढीच आढळली. वजन परत येते तेव्हा तो मनाचा दुबळेपणाच असतो असे नाही, शरीर जुना साठा परत मागत असते. मार्च २०२५ पासून भारतात मिळू लागलेली टिर्झेपटाइड आणि त्यानंतर आलेले वजनासाठीचे सेमाग्लुटाइड ही इंजेक्शने परिणामकारक आहेत. सेमाग्लुटाइडने ६८ आठवड्यांत सरासरी १५ टक्के वजन उतरल्याचे दिसले. पण ते बंद केल्यावर वर्षभरात उतरलेल्यापैकी दोन तृतीयांश परत आले. लग्नाआधी चार महिने घ्यायची ही वस्तू नाही, दीर्घकाळच्या आजारावरचे डॉक्टरी उपचार आहेत.

दिलासा असा, की बारीक दिसण्याइतके वजन उतरवावे लागत नाही. अमेरिकेतील मोठ्या चाचणीत सुमारे ७ टक्के वजन घटवण्याचे आणि आठवड्याला १५० मिनिटे व्यायामाचे लक्ष्य दिले होते. त्यातून मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले. ७० किलोच्या माणसाला हे जेमतेम पाच किलो. त्याहून महत्त्वाचा निष्कर्ष चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या चाचणीचा आहे. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या ५३१ भारतीयांपैकी ज्यांनी रोज चालणे आणि आहारातला बदल सांभाळला, त्यांच्यात मधुमेह होण्याचे प्रमाण २८.५ टक्क्यांनी घटले, आणि तेही वजन लक्षणीय कमी न होता. काटा हलला नाही, पण शरीर सुधारले.

घरात पाळण्यासारखी शिस्त एवढ्यावरून काढता येते. मुलांच्या अंगावर बोलू नये, त्यांच्यासमोर स्वतःच्या अंगालाही नावे ठेवू नयेत. ‘तू जाड, तुला गोड नाही’ असे एकट्या मुलाला सांगण्यापेक्षा घरातल्या सर्वांसाठीच फरसाणाचा डबा लहान करावा, संध्याकाळी सर्वांनी मिळून चालायला जावे. बायकोच्या वाढलेल्या वजनावर विनोद करणाऱ्या नवऱ्याने आधी स्वतःच्या पोटाभोवती दोरा धरावा. आणि ‘मी जशी आहे तशी छान’ म्हणणाऱ्या मुलीने ते जरूर म्हणावे, फक्त वर्षातून एकदा साखर आणि रक्तदाब तपासून म्हणावे. स्वतःवर प्रेम असणाऱ्या माणसाने आपली तपासणी टाळण्याचे काही कारण नाही.